यंत्राऐवजी काम विकायचे असेल तर: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योजकांसाठी शाश्वत वस्तू-सेवा रचनेचा आराखडा

वागळे इस्टेटमधील एखाद्या गाळ्यात ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर (हवा दाबून पुरवणारे यंत्र) वर्षाला ६,००० तास चालतो असे धरले, तर तो सुमारे २,२२,००० युनिट वीज खातो. युनिटचा दर ९ रुपये धरला तर वर्षाचे विजेचे बिल वीस लाखांच्या घरात जाते, आणि ही रक्कम बहुधा त्या कॉम्प्रेसरच्या खरेदीच्या किमतीहून मोठी असते. तरीही खरेदीच्या वेळी घासाघीस होते ती यंत्राच्या किमतीवर. विकणारा चार-पाच टक्के सूट देतो, घेणारा समाधानाने सही करतो आणि पुढची दहा-बारा वर्षे त्या यंत्राने किती वीज खावी, ते कधी दुरुस्त व्हावे आणि शेवटी कुठे जावे याची काळजी नेमकी कोणाची, हे कागदावर कुठेच येत नाही.

वस्तू आणि सेवा एकत्र बांधून विकण्याची पद्धत ही काळजी एका ठिकाणी आणण्यासाठी आहे. ग्राहक यंत्राऐवजी त्या यंत्राकडून होणारे काम विकत घेतो. यंत्र, त्याची देखभाल, सुटे भाग आणि शेवटची विल्हेवाट पुरवठादाराकडे राहते. ही कल्पना आजची नाही. १९६२ साली ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने छोट्या विमानांच्या ‘वायपर’ इंजिनांसाठी उड्डाणाच्या तासागणिक ठरावीक रक्कम घेऊन इंजिन चालू ठेवण्याची हमी द्यायला सुरुवात केली. पुढे ही कंपनी रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाली आणि पद्धतही तिच्यासोबत गेली. संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना २००४ पासून रसायनांच्या बाबतीत असाच प्रयोग पुढे नेत आहे. त्यात द्रावकाचे (सॉल्व्हंटचे) पैसे किलोवर न घेता, स्वच्छ झालेल्या भागांवर किंवा रंगवलेल्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर घेतले जातात. रबाळे-महापे भागात रसायने पुरवणाऱ्यांनी हे उदाहरण मुद्दाम पाहावे, कारण किलोवर कमावणारा पुरवठादार ग्राहकाला रसायन कमी वापरायला कधीच शिकवणार नाही.

मात्र सेवा जोडली की पर्यावरणाचे आपोआप भले होते, हा समज सुरुवातीलाच बाजूला ठेवावा. नेदरलँड्समधील अभ्यासक आर्नोल्ड टकर यांनी २००४ साली अशा रचनांचे आठ प्रकार तपासले, तेव्हा त्यांचा निष्कर्ष असा होता की बहुतेक प्रकारांत पर्यावरणाचा लाभ किरकोळच असतो आणि निव्वळ भाडेपट्ट्यात तर कधीकधी परिस्थिती बिघडते, कारण आपले नसलेले यंत्र लोक निष्काळजीपणे वापरतात. मोठा लाभ संभवतो तो ग्राहकाला अंतिम परिणामाची हमी देणाऱ्या रचनेत. फरक कशाने पडतो, हे दाबाखालच्या हवेच्या, म्हणजे कॉम्प्रेस्ड एअरच्या उदाहरणावरून पाहू. ठाणे, रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा या पट्ट्यात असा लघुउद्योग विरळा, ज्यात कुठे ना कुठे हवेची लाइन नाही.

पहिली पायरी: आधी मोजा, मग बोला

ग्राहकाकडे प्रस्ताव घेऊन जाण्यापूर्वी त्याच्याकडे आज काय चालले आहे याचे किमान दोन आठवड्यांचे मोजमाप हवे. कॉम्प्रेसरच्या पॅनलवर स्वतंत्र वीजमीटर, मुख्य पाइपवर प्रवाहमापक, आणि कॉम्प्रेसर खोलीत तसेच सर्वांत लांबच्या यंत्राजवळ एकेक दाबमापक एवढी सामग्री पुरते. दोन दाबमापकांमधला फरक एक बारच्या (बार हे दाबाचे एकक) जवळ जात असेल, तर पाइप अरुंद आहेत किंवा फिल्टर तुंबले आहेत असे समजावे. तो फरक भरून काढण्यासाठी कोणीतरी कॉम्प्रेसरचा दाब वाढवून ठेवलेला असतो, आणि वाढवलेल्या प्रत्येक बारमागे वीज साधारण सहा ते सात टक्क्यांनी वाढते.

गळतीची चाचणी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करावी, कारण त्या दिवशी हवा वापरणारे यंत्र एकही चालू नसते. कॉम्प्रेसर सुरू करावा आणि तो किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता नुसताच फिरत) राहतो हे घड्याळ लावून आठ-दहा फेऱ्यांत टिपावे. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागून शंभराने गुणले की गळतीची टक्केवारी मिळते. लोडवर दोन मिनिटे आणि अनलोडवर सहा मिनिटे असतील, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेपैकी २५ टक्के हवा पाइपांच्या जोडांतून नाहीशी होत आहे. हा आकडा पाहून कारखानदार सहसा विश्वास ठेवत नाही. त्याला शांत गाळ्यात उभे करून फुसफुस ऐकवावी. देखभाल नसलेल्या कारखान्यांत २० ते ३० टक्के गळती नेहमी आढळते, आणि नीट लक्ष दिले तर ती दहा टक्क्यांखाली आणता येते. सात बार दाबाच्या लाइनवरचे तीन मिलिमीटरचे एकच भोक कॉम्प्रेसरकडून जवळपास चार किलोवॅट ओढते.

हवा कशासाठी वापरली जाते, हेही पाहावे. शिफ्ट संपताना कामगार एअर गनने कपड्यांवरची धूळ उडवतात, ही सवय महागडी आहे आणि धोकादायकही. जमीन झाडणे, गरम भाग थंड करणे, टाकीतले द्रावण ढवळणे ही कामे साध्या ब्लोअरने किंवा मोटारीने होतात. सेवेचा आराखडा करताना ही कामे आधी हवेच्या लाइनवरून उतरवली, तर छोटा कॉम्प्रेसर पुरतो. यंत्र विकणारा हा सल्ला देत नाही, कारण त्याला मोठे यंत्र विकायचे असते.

दुसरी पायरी: वचन नेमके लिहा

‘अखंड हवा पुरवू’ असे वाक्य करारात घालणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. कोणत्या ठिकाणी, किती दाबाने, मिनिटाला किती घनमीटरपर्यंत, किती कोरडी आणि वर्षाला किती तासांच्या खंडापेक्षा जास्त खंड न पडता हवा मिळेल, हे आकड्यांत लिहावे. दाब ग्राहकाच्या यंत्रापाशी मोजायचा, कॉम्प्रेसर खोलीत नाही. कोरडेपणाचे कलम आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे. जुलैत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना ३७ किलोवॅटचा कॉम्प्रेसर पूर्ण भारावर चालला, तर टाकी आणि ड्रायर (हवा कोरडी करणारे यंत्र) मिळून तासाला आठ-नऊ लिटर पाणी बाहेर पडते. ते वेळेवर निचरले नाही तर लाइनमध्ये गंज धरतो आणि हवेवर चालणारे (न्यूमॅटिक) व्हॉल्व्ह अडकतात. रंगकामाच्या गाळ्यात तर हेच पाणी थेट रंगावर येते. कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेला करार उचलून इथे वापरला, तर पहिल्याच पावसाळ्यात तो उघडा पडेल.

तिसरी पायरी: पैसे कशावर घ्यायचे

साऱ्या रचनेचा कणा या प्रश्नात आहे, आणि बहुतेक आराखडे इथेच फसतात. दराचा प्रत्येक पर्याय मांडून एकच प्रश्न विचारावा: हवा वाया गेली, तर फायदा कोणाला?

मासिक भाडे घेतले आणि वीज ग्राहकाने भरली, तर पुरवठादाराला स्वस्तातला, जास्त वीज खाणारा कॉम्प्रेसर बसवणे परवडते. चालू तासांवर पैसे घेतले तर यंत्र जितके जास्त चालेल तितकी कमाई वाढते, म्हणजे गळती ही त्याच्या उत्पन्नाची वाट होते. घनमीटरवर पैसे घेऊन विजेचा खर्चही पुरवठादाराने उचलला, तर चित्र वरवर आदर्श दिसते, आणि कॉम्प्रेसर खरोखरच चांगला निवडला जातो. पण ग्राहकाच्या पाइपमधून गळणारा प्रत्येक घनमीटरही मीटरवर नोंदला जातो आणि विकला जातो. यंत्र कार्यक्षम झाले, तरी उधळपट्टी जागच्या जागी राहते. परक्या जोडणीवरच्या विजेचे पैसे तिसऱ्याने वसूल करण्यात कायद्याच्या अडचणीही निघू शकतात, त्यामुळे या वाटेने न गेलेले बरे.

माझ्या मते लघुउद्योगांसाठी पुढील मांडणी सर्वांत सरळ पडते. वीज ग्राहकाच्याच महावितरण जोडणीवर ठेवावी आणि कॉम्प्रेसरला स्वतंत्र उपमीटर बसवावा. पुरवठादाराने दर घनमीटर हवेमागे किती युनिट लागतील याची हमी द्यावी. सात बार दाबाला, चांगल्या यंत्राच्या बाबतीत, हा आकडा ०.११ युनिटच्या आसपास असतो, म्हणजे ९ रुपये दराने घनमीटरला साधारण एक रुपयाची वीज. हमीपेक्षा जास्त युनिट लागले तर त्याची रक्कम पुरवठादाराच्या बिलातून कापली जावी. पुरवठादाराचे उत्पन्न ठरावीक मासिक शुल्कातून यावे, घनमीटरवरचा दर नाममात्र असावा, आणि कॉम्प्रेसरपासून यंत्राच्या जोडापर्यंतची पूर्ण लाइन पुरवठादाराच्या देखभालीत यावी. सहामाही चाचणीत गळती दहा टक्क्यांहून जास्त आढळली, तर वरच्या भागाचा विजेचा खर्च त्याने सोसावा. दहा टक्क्यांखाली राहिली, तर बचतीचा ठरलेला वाटा त्याला मिळावा.

आकडे घालून पाहू. वरचा कॉम्प्रेसर वर्षाला सुमारे २० लाख घनमीटर हवा देतो आणि त्यातली २५ टक्के गळते असे समजा. म्हणजे कामाची हवा १५ लाख घनमीटर. गळती दहा टक्क्यांवर आणली, तर तेच काम १६ लाख ७० हजार घनमीटरमध्ये होते. उरलेल्या ३ लाख ३० हजार घनमीटरची वीज सुमारे ३६,००० युनिट, आणि रक्कम सव्वातीन लाख रुपये. सेवेचा खर्च आणि नफा याच रकमेतून निघायला हवा. ग्राहकाच्या खिशातून नवे पैसे काढून ही सेवा विकायची असेल, तर ती फार काळ विकली जाणार नाही.

यात एक खोच आहे, ती विक्रेत्यांच्या सादरीकरणात सहसा येत नाही. साधा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड अवस्थेतही पूर्ण भाराच्या पाव ते एकतृतीयांश वीज खातो. त्यामुळे गळती बुजवूनही यंत्र तसेच मोठे ठेवले, तर वाचलेल्या हवेइतकी वीज वाचत नाही. मागणीप्रमाणे वेग बदलणारी व्हीएफडी मोटर, किंवा एकाऐवजी दोन छोटे कॉम्प्रेसर आणि हवा साठवणारी पुरेशी मोठी रिसीव्हर टाकी, यांची योजना गळतीच्या कामाबरोबरच करावी.

चौथी पायरी: यंत्राची रचना सेवेच्या सोयीने

मालकी आपल्याकडे राहणार म्हटल्यावर यंत्र निवडण्याची नजर बदलते. फिल्टर दहा मिनिटांत बदलता येतो का, बेअरिंग स्थानिक बाजारात मिळते का, पॅनल उघडायला खास हत्यार लागते का आणि एअर-एंड (हवा दाबणारा मुख्य भाग) काढून पुन्हा दुरुस्त करता येतो का, हे प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत. सर्व ग्राहकांकडे शक्यतो दोन-तीन मापांचीच यंत्रे ठेवावीत, म्हणजे सुट्या भागांचा साठा आटोक्यात राहतो आणि एका ठिकाणाहून काढलेले यंत्र दुसरीकडे बसवता येते. प्रत्येक यंत्राची एक जन्मनोंद असावी: कोणता भाग कधी बदलला, तेल कधी भरले, किती तास चालले. पाच वर्षांनी ते यंत्र पुन्हा तयार करून दुसऱ्या ग्राहकाला देताना त्याची किंमत ही नोंदच ठरवते.

जागेचा विचार यंत्राइतकाच करावा. पत्र्याच्या छपराखाली, भट्टीच्या शेजारी ठेवलेला कॉम्प्रेसर गरम हवा ओढतो, आणि आत येणारी हवा चार अंशांनी तापली की वीज सुमारे एक टक्क्याने वाढते. हवेचे तोंड गाळ्याच्या सावलीच्या बाजूला बाहेर काढावे. रासायनिक कारखाना शेजारी असेल तर वाऱ्याची दिशाही पाहावी. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. कँटीनचे किंवा भाग धुण्याचे पाणी त्यावर तापवता आले, तर ग्राहकाला दाखवण्याजोगी ती दुसरी बचत.

पाचवी पायरी: माणसे आणि अंतर

चार तासांत माणूस पोहोचेल, असे वचन देण्यापूर्वी पावसाळ्यातला घोडबंदर रस्ता आणि संध्याकाळचा ठाणे-बेलापूर रस्ता आठवावा. वागळे इस्टेटमध्ये बसून तळोज्याला सेवा देणे नकाशावर जितके सोपे वाटते तितके ते नाही. महापे किंवा रबाळे इथे सुट्या भागांची एक छोटी खोली आणि तिथेच राहणारा एक तंत्रज्ञ, ही गुंतवणूक पहिल्या पाच-सहा ग्राहकांनंतर अटळ होते. दाब, तापमान आणि वीज यांचे आकडे मोबाइलवर पाठवणारे साधे उपकरण बसवले, तर निम्म्या फेऱ्या टळतात आणि बिघाड ग्राहकाच्या आधी आपल्याला कळतो.

तंत्रज्ञाला भेटीमागे पैसे देऊ नयेत. भेटीवर कमावणारा माणूस काम एका फेरीत संपवत नाही, मग मालकाने कितीही उत्तम करार केलेला असो. त्याला पगार द्यावा आणि ग्राहकाकडचा खंड व गळती कमी राहिल्यास बोनस द्यावा. ग्राहकाच्या फिटरलाही या साखळीत घ्यावे. गळती पहिल्यांदा त्याच्याच कानावर येते. जोडावर बांधायच्या लाल पट्ट्या त्याच्याकडे देऊन ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या भेटीत काय दुरुस्त करायचे ते शोधत बसावे लागत नाही.

सहावी पायरी: भांडवल आणि करार

यंत्र विकले की पैसे एकरकमी येतात. सेवा विकली की ते पाच-सात वर्षांत थोडे थोडे येतात, आणि यंत्र मात्र आजच विकत घ्यावे लागते. अनेक चांगल्या रचना या फटीत पडतात. ग्राहकाकडून तीन महिन्यांच्या शुल्काइतके डिपॉझिट, किमान मासिक शुल्क आणि मुदतीपूर्वी सोडल्यास उतरत्या क्रमाने द्यायची रक्कम, या तीन कलमांवर तडजोड करू नये. यंत्र आपल्या ताळेबंदात राहणार असल्याने त्यावरचा घसारा आपल्याला मिळतो. जीएसटी आणि भाडेपट्ट्याच्या हिशेबाचे स्वरूप मात्र सनदी लेखापालाकडून आधीच ठरवून घ्यावे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु पुरवठादाराला २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क आहे; ती मुदत करारात स्पष्ट लिहावी.

ग्राहकाचा कारखाना बँकेकडे गहाण असतो, ही गोष्ट विसरली जाते. कर्ज थकले आणि बँकेने गाळ्याला कुलूप लावले, तर आत असलेले तुमचे यंत्र तुमचे आहे हे सिद्ध करावे लागते. यंत्रावर मालकीची धातूची पट्टी, करारात यंत्राचा क्रमांक आणि ग्राहकाच्या बँकेला दिलेले पत्र, एवढे पहिल्याच दिवशी करून ठेवावे.

ग्राहकाच्या बाजूनेही पैशाचा एक अडथळा असतो. अमेरिकेतील इंटरफेस या गालिचे बनवणाऱ्या कंपनीने १९९० च्या दशकात गालिचा न विकता त्याची सेवा देण्याची योजना आणली होती. तिला ग्राहक फारच थोडे मिळाले. नवा गालिचा भांडवली खर्चात जात असे आणि त्याची देखभाल दुसऱ्याच खात्यात, त्यामुळे एकत्रित शुल्क कोणत्या खात्यातून द्यायचे हा प्रश्न निघाला. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या कंपन्यांत वीज, देखभाल आणि खरेदी यांचे प्रमुख वेगळे असतात. प्रस्ताव एकट्या खरेदी विभागाकडे गेला तर त्याला वाढलेला खर्च दिसेल आणि वाचलेली वीज दिसणार नाही. म्हणून पहिली बैठक मालकासमोर, तिघांना एकत्र बसवून घ्यावी.

सातवी पायरी: पर्यावरणाचा हिशेब

आपल्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वरच्या उदाहरणातील ३६,००० युनिटची बचत म्हणजे वर्षाला सुमारे २५ टन. यातून तंत्रज्ञाच्या गाडीचे इंधन, जास्तीचे फिल्टर आणि नव्या यंत्राच्या निर्मितीचा वाटा वजा करावा. कॉम्प्रेसरच्या बाबतीत वीज एवढी मोठी असते की बाकीचे आकडे तिच्यापुढे लहान ठरतात. पण वर्षातून दहा वेळा वापरायच्या यंत्राची ने-आण करत राहिलात, तर हिशेब उलटा फिरू शकतो. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे आणि पावत्या जपाव्यात. कॉम्प्रेसरमधून निचरणाऱ्या पाण्यातही तेल असते. ते गटारात सोडण्याची सर्रास पद्धत बंद करून तेल-पाणी विलगक बसवावा आणि त्याची देखभाल सेवेतच धरावी.

घरगुती वस्तूंना हीच कसोटी लावून पाहता येते. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते. कोकणातल्या पावसावर भरणाऱ्या या जलाशयाच्या पाण्यात क्षार कमी, भारतीय मानकाच्या ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या बरेच खाली. तरीही घरोघरी आरओ यंत्रे आहेत आणि ती एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी सोडून देतात. यंत्र आणि मेम्ब्रेन विकणाऱ्याला यात काही खटकत नाही. सोसायटीशी ‘शुद्ध पाण्याचे मासिक शुल्क’ असा करार करणाऱ्याला मात्र प्रत्येक मेम्ब्रेन स्वतःच्या खर्चाने बदलावी लागते. तो आधी पाणी तपासतो, आणि गाळणी व अतिनील दिव्यावर भागत असेल तिथे आरओ बसवतच नाही.

आठवी पायरी: एका ग्राहकापासून

पहिला ग्राहक निवडताना सर्वांत मोठा न घेता असा घ्यावा की ज्याच्याकडे दोन शिफ्टमध्ये काम चालते, वीजबिलाची काळजी मालक स्वतः करतो आणि जुना कॉम्प्रेसर बदलायची वेळ आली आहे. महिन्यातून थोडेच दिवस हवा लागणाऱ्या गाळ्याला ही सेवा विकू नये. त्याला छोटे यंत्र विकत घेणेच स्वस्त पडेल, आणि ते त्याला स्पष्ट सांगावे.

पहिला करार एक पूर्ण पावसाळा ओलांडेपर्यंत दुसरा करू नये. ऑक्टोबरमध्ये तीन आकडे समोर ठेवावेत: दर घनमीटरमागची युनिट, सुट्टीच्या दिवशी मोजलेली गळती आणि तंत्रज्ञाच्या न ठरवलेल्या फेऱ्या. युनिट हमीच्या आत असूनही गळती पुन्हा वाढू लागली असेल, तर दराच्या मांडणीत कुठेतरी वाया जाणाऱ्या हवेचे पैसे अजून मिळत आहेत असे समजावे आणि दुसऱ्या ग्राहकाकडे जाण्याआधी मासिक शुल्क व घनमीटरवरचा दर यांचे प्रमाण बदलावे. फेऱ्या वाढल्या असतील, तर दोष बहुधा ड्रेन आणि फिल्टरच्या निवडीत असतो. ते भाग पुढच्या यंत्रात बदलून घ्यावेत आणि पहिल्या ग्राहकाकडेही, आपल्याच खर्चाने.